परकीय भांडवल आणि आपले अभिजन



देशात परकीय गुंतवणूक वाढू लागली की त्या देशातला वरचा थर तिच्याकडे कसा पाहतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. वरचा थर म्हणजे उद्योगपती, मंत्री, वरिष्ठ प्रशासक, अर्थतज्ज्ञ, संपादक. थोडक्यात, ज्यांचा शब्द धोरण ठरवणाऱ्यांच्या कानापर्यंत पोचतो असे अभिजन. हा प्रश्न कोणत्याही देशाला विचारता येईल. मी तो भारताला, आणि त्यातही मुंबई-पुण्याच्या उद्योगजगताला विचारणार आहे, कारण गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या विषयावरची बरीच भांडणे इथेच झाली आणि बरेच करारही इथेच झाले. १९९०-९१ मध्ये देशात आलेली थेट परकीय गुंतवणूक दहा कोटी डॉलरच्या आसपास होती. २०२४-२५ मध्ये हा एकूण ओघ सुमारे ८१ अब्ज डॉलरवर गेला, आणि त्या वर्षी भागभांडवल म्हणून आलेल्या रकमेतला ३९ टक्के वाटा एकट्या महाराष्ट्राचा होता. एवढ्या मोठ्या बदलाबद्दल आपण ज्यांचे मत प्रमाण मानतो, त्यांचे मत बनते कसे, हे पाहणे म्हणूनच आपल्या हिताचे आहे. माझे म्हणणे असे की, हे मत देशी आणि परदेशी या रेषेवर क्वचितच ठरते. परकीय भांडवल आपल्यासमोर प्रतिस्पर्धी म्हणून येते, भागीदार म्हणून येते की आपला धंदा विकत घ्यायला येते, यावर ते ठरते. तेव्हा अभिजनांचे मत ही एका हितसंबंधी साक्षीदाराची साक्ष आहे. ती ऐकावी, तपासावी. पण तिलाच निकाल समजू नये.

सुरुवात वसाहतकाळापासून करावी लागते, कारण आपली या विषयावरची भाषा तिथे घडली. दादाभाई नौरोजींनी देशातून संपत्तीचा ओघ बाहेर कसा जातो हे आकडे मांडून दाखवले. रेल्वे, चहामळे, ताग यांत गुंतलेले इंग्रजी भांडवल नफा घेऊन जाते आणि मागे मजुरी तेवढी ठेवते, अशी त्या पिढीतल्या बहुतेक राष्ट्रवाद्यांची धारणा होती. १८९० मध्ये पुण्यात औद्योगिक परिषद भरवणारे न्यायमूर्ती रानडे मात्र परकीय भांडवलाला सरसकट विरोध करायला तयार नव्हते. देशात भांडवलाची आणि कौशल्याची टंचाई आहे, ती कुठून तरी भरून काढावी लागेल, हे त्यांना दिसत होते. म्हणजे मतभेद पहिल्यापासूनच होता. पण उद्योगपतींचा व्यवहार या दोन्ही भूमिकांहून वेगळा राहिला. टाटांच्या पोलाद कंपनीसाठी आधी लंडनच्या बाजारात भांडवल शोधले गेले. ते मनासारखे जमेना, तेव्हा १९०७ मध्ये मुंबईत भाग विक्रीला काढले, आणि सुमारे आठ हजार गुंतवणूकदारांनी तीन आठवड्यांत ती रक्कम उभी केली. स्वदेशीचा जो विजय म्हणून आपण हा प्रसंग सांगतो, त्याची पहिली पायरी परकीय भांडवलाची मागणी ही होती. यात टाटांना उणेपणा येत नाही. भांडवल आणि त्यावरचा ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उद्योजकाला पहिले हवे असते, दुसरे सोडायचे नसते, एवढेच यातून कळते.

हाच धागा सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या चरित्रात अधिक ठळक होतो. नरोत्तम मोरारजींबरोबर त्यांनी काढलेल्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. त्यानंतर ब्रिटिश जहाज कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला जेरीस आणले. किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी ही मागणी पुढे आली ती या अनुभवातून. जकातीचे संरक्षण मिळू लागल्यावर परकीय कंपन्या भारतातच कारखाने काढू लागल्या आणि नावापुढे ‘इंडिया लिमिटेड’ लावू लागल्या, तेव्हा त्यांच्याविरुद्ध उठलेल्या आवाजांत वालचंदांचा आवाज मोठा होता. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात ब्रिटिश कंपन्यांविरुद्ध भेदभाव करता येणार नाही अशी कलमे घातली गेली, यावरून सत्तेला ही मागणी किती झोंबली होती हे लक्षात येते. पण याच वालचंदांनी मोटारी बनवायला घेतल्या तेव्हा अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला, आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. जहाजधंद्यात परकीय भांडवल त्यांचा गळा आवळत होते. मोटारधंद्यात तेच भांडवल त्यांना यंत्रे आणि ज्ञान देत होते. भूमिका बदलली नव्हती, नाते बदलले होते. त्याच १९४४ साली जे.आर.डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकूरदास प्रभृतींनी मांडलेल्या ‘बॉम्बे प्लॅन’मध्ये पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये खर्चाची कल्पना होती, आणि त्यांतले सातशे कोटी परकीय कर्जातून यावेत असे गृहीत होते. कर्ज चालेल, मालकी नको, असा त्या हिशेबाचा अर्थ लावता येतो.

स्वातंत्र्यानंतर राज्यकर्त्यांनी हा हिशेब बराचसा स्वीकारला, पण पूर्ण नाही. एप्रिल १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी जाहीर केले की परकीय भांडवलाला देशी भांडवलासारखीच वागणूक मिळेल, नफा बाहेर नेता येईल आणि राष्ट्रीयीकरण झाले तर भरपाई मिळेल. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई आली आणि परदेशी कंपन्यांशी तांत्रिक सहकार्याचे करार वाढत गेले. देशी उद्योगपतींना ते हवेच होते, कारण परवाना आपल्या हातात आणि तंत्र त्यांचे, अशी ही सोयीची मांडणी होती. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने, म्हणजे ‘फेरा’ने, बहुतेक परकीय कंपन्यांना आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणायला भाग पाडले. १९७७ मध्ये कोका-कोला देश सोडून गेली, पाठोपाठ आयबीएम गेली. ज्या कंपन्या राहिल्या त्यांनी आपले भाग स्वस्तात विकायला काढले, आणि मुंबईच्या मध्यमवर्गाच्या कपाटांत त्यांची प्रमाणपत्रे जमा झाली. परकीय भांडवलावरच्या निर्बंधांचा लाभ अशा रीतीने वरच्या आणि मधल्या थराला मिळाला. ग्राहकाला काय मिळाले? स्कूटर मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, फोनसाठी तितकेच.

१९९१ मध्ये ही चौकट मोडली. २४ जुलैच्या औद्योगिक धोरणाने ३४ उद्योगगटांत ५१ टक्क्यांपर्यंतच्या परकीय हिश्शाला आपोआप मान्यता दिली. दोन वर्षांनी, १९९३ मध्ये, काही बडे उद्योगपती मुंबईत एकत्र आले. वर्तमानपत्रांनी त्यांना ‘बॉम्बे क्लब’ हे नाव दिले. पुण्याचे राहुल बजाज हा त्यांचा सर्वांत स्पष्ट आवाज होता आणि ‘लेव्हल प्लेइंग फील्ड’ ही त्यांची मागणी होती. या मंडळींची तेव्हा पुष्कळ टर उडवली गेली. त्यांचे म्हणणे मात्र शांतपणे तपासले पाहिजे, कारण त्यात तथ्य होते. भारतीय उद्योजकाला कर्ज चढ्या व्याजाने घ्यावे लागे, त्याच्या परदेशी प्रतिस्पर्ध्याला ते स्वस्तात मिळे. चाळीस वर्षे सरकारनेच कारखान्यांचा आकार परवान्याने बांधून ठेवला होता, मोठे होण्यावर मक्तेदारीविरोधी कायद्याचे बंधन होते, आणि आता एकदम जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांशी झुंजायला सांगितले जात होते. आधी आतले दरवाजे उघडा, मग बाहेरचे, हा क्रम मागणे गैर नव्हते. पण त्याच मागण्यांत प्रवर्तकांचा ताबा सुरक्षित ठेवण्याची धडपडही होती. आपल्या कंपनीत थोडा हिस्सा असूनही तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या राज्य करणाऱ्या घराण्यांना कंपनी हातची जाण्याची भीती होती. देशाचे हित आणि घराण्याचे हित एकाच निवेदनात गुंफले गेले, आणि वाचणाऱ्याला ते वेगळे करता येऊ नयेत अशीच त्याची भाषा होती.

पुढच्या काही वर्षांत काय घडले ते या मांडणीची कसोटी ठरते. कोका-कोला गेल्यावर तयार झालेल्या जागेत १९७७ मध्ये पारले कंपनीचे ‘थम्स अप’ आले. १९९३ मध्ये कोका-कोला परतली तेव्हा पारलेने थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट तिलाच विकून टाकले. टाटांची टोम्को ही साबण-तेलाची कंपनी त्याच काळात परकीय मालकीच्या हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन झाली. इतर कित्येकांनी भागीदारी पत्करली, आणि भागीदार जड होऊ लागला तेव्हा सरकारकडे धाव घेतली. १९९८ ची ‘प्रेस नोट १८’ हे त्याचे लेखी उदाहरण आहे. ज्या परकीय कंपनीचा भारतात आधीच कोणाशी संयुक्त प्रकल्प असेल, तिला त्याच क्षेत्रात स्वतंत्र कंपनी काढताना ती जुन्या भागीदाराच्या हिताला बाधक नाही हे दाखवून सरकारची परवानगी घ्यावी लागे. व्यवहारात याचा अर्थ भारतीय भागीदाराचे ना-हरकतपत्र असा झाला, आणि त्या पत्राला किंमत आली. ही तरतूद २००५ मध्ये सैल झाली आणि २०११ मध्ये रद्द झाली. तिने कामगाराचे रक्षण केले नाही, ग्राहकाचेही नाही. तिने एका खासगी कराराच्या एका बाजूला सरकारी अधिकाराचे बळ दिले.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. जपान आणि दक्षिण कोरियाने परकीय भांडवल दाराबाहेर ठेवूनच आपले उद्योग मोठे केले. मग आपल्या उद्योगपतींनी तेच मागितले तर त्याला स्वार्थ का म्हणावे? उत्तर असे की संरक्षण मागण्यात गैर काहीच नाही, संरक्षणाच्या बदल्यात काय द्यायचे हे ठरलेले असले पाहिजे. कोरियाच्या सरकारने स्वस्त कर्ज आणि बंद बाजारपेठ दिली, तशी निर्यातीची उद्दिष्टेही बांधून दिली आणि त्यांचा पाठपुरावा केला. आपल्याकडे परवाना हेच बक्षीस ठरले. पण आपल्याकडेही एक उद्योग वेगळ्या वाटेने गेला, तो औषधांचा. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवरचे पेटंट काढून घेतले आणि फक्त प्रक्रियेवरचे ठेवले. देशी कंपन्यांनी पर्यायी प्रक्रिया शोधल्या, आणि २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एड्सवरची तीन औषधांची मात्रा वर्षाला ३५० डॉलरला देऊ केली, जेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांची किंमत दहा हजार डॉलरच्या घरात होती. परकीय मक्तेदारीला देशी उद्योगपतींनी केलेला विरोध तिथे साऱ्या जगातल्या गरीब रोग्यांच्या उपयोगी पडला. स्कूटरच्या बाबतीत जे झाले नाही ते औषधांत का झाले? औषधांच्या धंद्यात देशातल्या देशात चुरस होती. असंख्य लहानमोठे उत्पादक एकमेकांच्या किमती पाडत होते. परक्याला अडवल्यावर आत स्पर्धा उरते की मक्तेदारी, यावर त्या विरोधाचे सार्वजनिक मोल ठरते. आणि स्पर्धा आल्यावर स्कूटर बनवणाऱ्या बजाज कंपनीचेही भलेच झाले. तिने मोटरसायकली घडवल्या, जगभर निर्यात केल्या, २००७ पासून ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये हिस्सा घेतला. १९९३ मध्ये परकीय गुंतवणुकीची धास्ती व्यक्त करणारे घराणे दुसऱ्या देशात स्वतःच परकीय गुंतवणूकदार झाले.

आतापर्यंत मी उद्योगपतींबद्दल बोललो. राज्यकर्ते आणि प्रशासक यांची तऱ्हा निराळी असते, कारण त्यांना परक्याशी स्पर्धा करायची नसते. परका आला हीच त्यांच्या कारभाराची पावती ठरते. त्याची किंमत महाराष्ट्राने दाभोळला मोजली. जून १९९२ मध्ये तिथल्या वीजप्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीबरोबर सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार. दर डॉलरशी बांधलेला, वीज घेतली नाही तरी ठरावीक रक्कम देणे बंधनकारक, त्यावर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी, अशा त्या अटी होत्या. हा प्रकल्प परवडणारा नाही असे म्हणत जागतिक बँकेने १९९३ मध्ये कर्ज नाकारले होते. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाने आकडेवारी मांडून करारातले दोष दाखवले, गुहागर परिसरातले गावकरी रस्त्यावर आले. १९९५ मध्ये सत्तांतर झाले, नव्या सरकारने करार रद्द केला आणि नंतर फेरवाटाघाटी करून तो आणखी मोठ्या आकारात स्वीकारला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये बिले भरणे वीज मंडळाच्या आवाक्याबाहेर गेले आणि प्रकल्प बंद पडला. सत्ताधारी आणि विरोधक, दोघांच्याही हातून या कराराला मान्यता मिळाली. सावधगिरीचा इशारा दिला तो एका आंतरराष्ट्रीय बँकेने, मूठभर अभ्यासकांनी आणि गावकऱ्यांनी. अभिजनांचे एकमत झाले म्हणजे प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांनी दाभोळची ही वाटचाल विसरू नये. तिथे एकमत हेच संकट होते.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. भांडवलाला देश राहिलेला नाही, तेव्हा ही सगळी चर्चाच जुनी झाली, असे म्हणतात. याला पुरावाही दिला जातो. १९८२ च्या कर-करारामुळे मॉरिशस हा गुंतवणुकीचा मोठा स्रोत दिसू लागला, आणि त्यात इथलाच पैसा बाहेर जाऊन परकीय वेष घेऊन परतत असावा, अशी शंका वारंवार घेतली गेली. २०१६ मध्ये तो करार बदलावा लागला. टाटांनी २००७ मध्ये कोरस ही युरोपातली पोलाद कंपनी आणि २००८ मध्ये जग्वार-लँड रोव्हर ही मोटार कंपनी घेतली. २००६ मध्ये लक्ष्मी मित्तल यांनी आर्सेलोर या युरोपीय पोलाद कंपनीवर बोली लावली तेव्हा फ्रान्स आणि लक्झेंबर्गचे राज्यकर्ते ज्या त्वेषाने बोलले, तो मुंबईच्या १९९३ च्या सुरापासून फार लांब नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये मुकेश अंबानी यांनी भारतीयांच्या डेटावर भारतीयांचीच मालकी हवी असे आवाहन केले, आणि एप्रिल २०२० मध्ये त्यांच्या जिओ प्लॅटफॉर्म्समध्ये फेसबुकने ४३,५७४ कोटी रुपये गुंतवले. हिश्शाची विक्री आणि डेटावरचा ताबा या वेगळ्या गोष्टी आहेत, असे यावर म्हणता येईल, आणि ते खरेही आहे. पण ताबा आपला आणि पैसा त्यांचा, ही वाट १९०७ पासून तीच आहे. म्हणून भांडवलाला देश नाही हा निष्कर्ष मला मान्य नाही. नफा कुठे जातो, संशोधन कुठे होते, कर कुठे भरला जातो, कारखाना बंद करण्याचा निर्णय कोणत्या शहरात घेतला जातो, या गोष्टींना पत्ता असतो. २०२४-२५ मध्ये ८१ अब्ज डॉलर आले खरे, पण त्याच वर्षी सुमारे ५१.५ अब्ज डॉलर परत गेले आणि भारतीय कंपन्यांनी सुमारे २९ अब्ज बाहेर गुंतवले. त्या वेळी प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार निव्वळ शिल्लक अर्धा अब्जही उरली नाही. आलेल्या आकड्याचा उत्सव करणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही सांगायला हवा.

तिसरा आक्षेप नैतिक आहे. हितसंबंध सर्वांनाच असतात. किराणा दुकानदाराला, कामगार संघटनेला, शेतकऱ्यालाही. मग अभिजनांनाच वेगळे का काढायचे? आक्षेप बरोबर आहे, आणि त्यातूनच पुढचा मार्ग दिसतो. सप्टेंबर २०१२ मध्ये अनेक ब्रँडच्या किरकोळ विक्रीत ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी मिळाली तेव्हा कर्जाने वाकलेल्या बड्या साखळी दुकानदारांना ती हवी होती आणि लहान दुकानदारांना नको होती. दोघेही आपापल्या धंद्याकडे पाहून बोलत होते. फरक एवढाच की लहान दुकानदार ‘माझे दुकान बुडेल’ असे सरळ म्हणत होता, आणि मोठा उद्योजक शेतकऱ्याचा भाव आणि देशाचा विकास यांची भाषा बोलत होता. सामान्य माणसाचा स्वार्थ उघडा असतो म्हणून तो लगेच पकडला जातो. अभिजनांचा स्वार्थ राष्ट्रहिताच्या शब्दांत येतो म्हणून त्याची तपासणी अधिक कसून करावी लागते. हे लोक अप्रामाणिक असतात असे मी म्हणत नाही. आपल्या जागेवरून जे दिसते तेच साऱ्या देशाचे चित्र आहे असे त्यांना मनापासून वाटते, आणि त्यांचे म्हणणे खोडायला समोर तुल्यबळ आवाज नसतो. एक उदाहरण पाहा. २०२० मध्ये चीनसह सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीवर सरकारी मंजुरीचे बंधन आले. २०२४ च्या आर्थिक पाहणीत चिनी गुंतवणुकीला वाव द्यावा असे सुचवले गेले. दोन्ही भूमिकांना कारणे आहेत. पण या चार वर्षांत त्या कारणांची उघड चर्चा फारच थोडी झाली.

मग करायचे काय? परकीय गुंतवणुकीबाबतचे मत मांडताना उद्योजकाने, सल्लागाराने, तज्ज्ञाने आपला त्या व्यवहारात कोणता संबंध आहे हे आधी जाहीर करावे, अशी प्रथा आपण पाडली पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सार्वजनिक पैसा, जमीन, वीज किंवा करसवलत ज्या करारात गुंतली आहे त्याच्या अटी सही होण्यापूर्वी लोकांसमोर आल्या पाहिजेत. जानेवारी २०२५ मध्ये दावोसला महाराष्ट्र सरकारने सुमारे १५ लाख ७० हजार कोटी रुपयांचे सामंजस्य करार केल्याचे सांगितले. त्यांतले काही सर्वांत मोठे करार मुंबईतच मुख्यालय असलेल्या कंपन्यांशी होते. रकमा सर्वांना पाठ झाल्या. अटींची चर्चा झाली नाही. २०२२ मध्ये वेदान्त-फॉक्सकॉनचा चिपनिर्मितीचा प्रकल्प गुजरातला गेला तेव्हाही वाद ‘कोणामुळे गेला’ यावर झाला. त्याला कोणती सवलत देऊ केली होती आणि त्या बदल्यात किती रोजगाराची लेखी हमी होती, हे क्वचितच कोणी विचारले. पुढच्याच वर्षी फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली. परकीय गुंतवणूक आपल्याला हवी आहे. भांडवल, तंत्र आणि बाजारपेठ यांची गरज रानड्यांच्या काळी होती, आजही आहे. ती कोणत्या अटींवर घ्यायची, हे ठरवण्याचा अधिकार मात्र तिच्यामुळे ज्यांची जमीन जाते, ज्यांचे वीजबिल वाढते, ज्यांना नोकरी मिळते किंवा ज्यांची जाते, त्या सगळ्यांचा आहे. अभिजनांची साक्ष त्या सगळ्यांच्या साक्षींबरोबर, त्याच पंक्तीत, नोंदवली गेली पाहिजे. तसे झाले तर परकीय भांडवलाचे भय बाळगण्याचेही कारण उरणार नाही आणि त्याचा भलता मोहही पडणार नाही. ही जबाबदारी विधिमंडळाची आहे, वृत्तपत्रांची आहे, विद्यापीठांची आहे, आणि अशा व्याख्यानांना येऊन प्रश्न विचारणाऱ्या तुम्हा नागरिकांचीही आहे.